पाच निळ्या गोळ्या

आमच्या इमारतीत लोकांचं डोकं दुखलं की ते आधी माझ्याकडे येतात. हे मी फुशारकीने सांगते, कारण आहेच ते फुशारकी मारण्यासारखं. एचएसआर लेआउटमध्ये कोपऱ्याकोपऱ्यावर औषधाचं दुकान आहे, फोनवरून मागवलं तर चहा उकळेपर्यंत पाकीट दारात येतं, तरी दुसऱ्या मजल्यावरची ती कंपनीत जाणारी मुलगी कपाळ धरून माझ्याच दारात उभी राहते आणि म्हणते, "अक्का, तुमच्या डब्यातलं काहीतरी द्या."

डबा म्हणजे बिस्किटांचा जुना चौकोनी पत्र्याचा डबा. तापाच्या, पित्ताच्या, सर्दीच्या, पोटदुखीच्या गोळ्या त्यात वेगवेगळ्या कप्प्यांत असतात आणि कोणती कुठे आहे ते मला न बघता सांगता येतं. मुदत संपलेली एक गोळी कुणी त्यातून काढून दाखवावी. माझे वडील पेठेतल्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते. औषधाच्या बाटलीवर डोस दाखवणारी कागदाची पट्टी चिकटवायची असे, ती खाचा पाडून कातरायचं काम मी सात वर्षांची असल्यापासून करत आले. एक खाच म्हणजे एक डोस. खाच तिरकी पडली तर वडील पट्टी फाडून टाकायचे आणि दुसरी कातरायला लावायचे. आमचं घराणं तीनेकशे वर्षं याच गावात आहे, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि दोन्हीकडे आमची ओळख एकच होती, कंपाउंडरचं घर.

आमचे हे याच्या अगदी उलट. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात ह्यांनी तीस वर्षं पंप तपासले. दाब किती, गळती किती, पास की नापास. मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही हा ह्यांचा बाणा. भाजीवाल्याच्या काट्याकडेसुद्धा हे संशयाने बघतात. पण एका बाबतीत ह्यांनी कधी मोजमाप केलं नाही. अंग दुखलं, पोट बिघडलं, की हे पेपर वाचता वाचता उजवा हात पुढे करायचे. मी डब्यातली गोळी तळहातावर ठेवायची आणि हे ती न बघता तोंडात टाकायचे. कोणती, कशाची, किती वेळा, एक प्रश्न नाही. लग्नाला अडतीस वर्षं झाली, एवढी वर्षं तो हात असाच येत राहिला. ह्यांच्या तोंडून मी कौतुक फारसं ऐकलं नाही. त्या हातावरच मी समाधान मानलं, आणि खरं सांगायचं तर ते थोडंथोडकं नव्हतं.

मागच्या वर्षी हे इमारतीच्या जिन्यात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. होसूर रोडवरच्या एका हॉस्पिटलात सोमवारी ऑपरेशन झालं, खुब्याचा गोळा बदलला. ऑपरेशन झकास झालं असं सगळ्यांनी सांगितलं. एक्स-रे बघून ह्यांनीही मान डोलावली. फिटिंग सरळ बसलंय, म्हणाले.

बुधवारी पोट फुगायला लागलं.

आधी कुणी फार लक्ष दिलं नाही. मी दिलं. कमरेची नाडी सकाळी जिथे बांधली होती तिथे ती दुपारी रुतत होती. गुरुवारी सकाळपर्यंत पोट एवढं ताणलं की त्यावर बोट आपटलं तर नगाऱ्यासारखा आवाज यायचा. शौच नाही, आणि वारासुद्धा सरत नव्हता. मला काही केल्या कळेना. ऑपरेशन खुब्याचं, मग पोटाने का रुसावं?

मग पोटाच्या डॉक्टरीणबाई आल्या. वय असेल तिशीच्या आसपास, लांब शेपटा, पायात धावायचे बूट. मी कन्नडमध्ये विचारलं तशा त्या खुर्ची ओढून बसल्या आणि सांगायला लागल्या. कोणतंही मोठं ऑपरेशन झालं की आतडी कधी कधी काम थांबवतात. वाट कुठे अडलेली नसते, पण आतडी पुढे ढकलायचंच विसरतात. त्यात पडून राहिल्याने, आणि दुखण्यावर जी जोरदार इंजेक्शनं देतात त्यांनीही आतडी आणखी सुस्तावतात. हे सगळं ऐकून ह्यांनी एवढंच म्हटलं, "म्हणजे पाइप ठीक आहे, पंप बंद पडलाय."

"बरोबर," त्या म्हणाल्या. "आता पंप चालू करायचाय."

त्यांनी दुखण्याची जोरदार इंजेक्शनं कमी केली. सलाइनमधून पोटॅशियम सुरू केलं. तोंडाने काही नाही, तासाला दोन चमचे पाणी फक्त. वॉकर धरून दिवसातून चारदा चालायचं. आणि गुरुवारी संध्याकाळपासून आतडी हलवणारं एक औषध शिरेतून सुरू केलं, सकाळी सात, दुपारी दोन, संध्याकाळी आठ. सिस्टरने पोटावर पेनाने दोन खुणा केल्या आणि टेपने घेर मोजला. अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर. ह्यांनी तो आकडा पाठ केला. टेप रोज त्याच खुणेवर लागली पाहिजे, असं तिला दोनदा बजावलं.

त्या संध्याकाळी औषध शिरेत गेलं आणि वीसेक मिनिटांत ह्यांच्या पोटात मुरडा आला. माझ्यासमोर ह्यांनी आजवर कधी कण्हून दाखवलं नव्हतं. आता हे पलंगाचा कठडा धरून डोळे मिटून पडले होते, वरच्या ओठावर घाम. सिस्टर पलीकडच्या पेशंटजवळ होती. आणि मग ह्यांचा उजवा हात माझ्याकडे आला, तळहात वर.

मी काय करणार? पर्समध्ये माझा बटवा होता. डब्यातलं जरुरीपुरतं मी बटव्यात घालून सगळीकडे नेते. मुरडा म्हटलं की निळी गोळी, हे मला झोपेतसुद्धा विचारा. पोट शांत करणारी, वीस मिलिग्रॅमची डायसायक्लोमिन. मी ती तळहातावर ठेवली, वर दोन चमचे पाणी दिलं. अर्ध्या तासात चेहरा सैल पडला, डोळा लागला. मला केवढं बरं वाटलं. एवढं मोठं हॉस्पिटल, एवढी यंत्रं, आणि माणसाला आराम पडला तो माझ्या बटव्याने.

वॉर्डच्या दारावर तीन भाषांत पाटी होती, बाहेरचं अन्न आणि औषध आणू नये. ती मी वाचली होती. ती इतरांसाठी असावी असं मी धरून चालले. मी काही कुठल्या काकूचं ऐकून चूर्ण आणलं नव्हतं. कंपाउंडरची मुलगी होते, गोळीचं नाव, ताकद, वेळ, सगळं मला ठाऊक होतं. विचारायचं काय त्यात?

शुक्रवारी तेच झालं. सकाळी औषध, मुरडा, हात, निळी गोळी. दुपारी तेच. संध्याकाळी तेच. मधल्या वेळात हे वॉकर धरून चार चार फेऱ्या मारत होते, पाय थरथरत होते तरी चुकवत नव्हते. पण पोट काही खाली येईना. शुक्रवारी घेर एकशे एक. शनिवारी सकाळी एकशे चार. टेप बघून ह्यांनी डोळे मिटले. कारखान्यात एखादा पंप तीनदा तपासूनही नापास झाला की हे असेच डोळे मिटायचे म्हणे.

शनिवारी नऊच्या सुमाराला डॉक्टरीणबाईंनी मुलाला आणि सुनेला वॉर्डच्या बाहेर बोलावलं. मुलगा मारतहळ्ळीहून धावत आला होता, केससुद्धा विंचरलेले नव्हते. सून पुण्याची. आमच्या घरात येऊन तिला सहा वर्षं झाली, तरी मी 'बरं'ऐवजी कन्नड 'सरी' म्हटलं की ती हसते आणि ती 'आय मीन' म्हणाली की मी हसते. गेले चार दिवस ती लॅपटॉप मांडीवर घेऊन वॉर्डाच्या कॉरिडॉरमध्ये बसूनच ऑफिस करत होती. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी गेले.

डॉक्टरीणबाई एका कागदावर आतड्याचं चित्र काढून समजावत होत्या. मोठं आतडं हवेने फुगत चाललंय. असंच फुगत राहिलं तर फाटू शकतं. सुरू केलेल्या औषधाने दोन दिवसांत फरक पडायला हवा होता, तो पडला नाही. म्हणून आता पुढची पायरी, निओस्टिग्मिन नावाचं इंजेक्शन. ते नाव मी त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. ते आतड्याला जोरात आकुंचन करायला लावतं, पण हृदयाचे ठोकेही मंद करतं, म्हणून आयसीयूत, मॉनिटर लावून, बाजूला उलट औषध तयार ठेवून द्यायचं. ह्यांचे ठोके मुळातच पन्नाशीत, त्यामुळे जोखीम जरा जास्त. अकरा वाजता देऊ. त्यानेही नाही झालं तर खालून दुर्बीण घालून हवा काढायची, आणि तेही नाही जमलं तर पोट उघडावं लागेल.

"पण त्यांना क्रॅम्प्स येतात ना," सून म्हणाली. "खूप पेन होतं त्यांना. मग मेडिसिन काम करत नाहीये असं कसं?"

"तेच तर मला कळत नाहीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तो मुरडा आम्हाला हवाच आहे. मुरडा म्हणजे आतडं हलायला लागलं. त्यांना मुरडा येतो, आणि थोड्या वेळाने सगळं पुन्हा शांत होतं."

मी भिंतीला हात लावला.

शांत होत नव्हतं. मी शांत करत होते. त्या बाई औषध घालून आतड्याला उठवत होत्या आणि मी मागोमाग जाऊन त्याला थोपटून निजवत होते. एकदा नव्हे, पाच वेळा. आणि प्रत्येक वेळी खूश होऊन.

मी कॉरिडॉरच्या टोकाला पाण्याच्या यंत्रापाशी जाऊन उभी राहिले. पर्समध्ये हात घालून पाकीट चाचपलं. दहा गोळ्यांचं पाकीट, पाच खड्डे रिकामे. शेजारी कचऱ्याची पिवळी बादली होती, पायाने झाकण उघडायची. खोटं कशाला सांगू, मी पाय ठेवला होता त्यावर. पाकीट आत टाकायचं आणि यापुढे गोळी द्यायची नाही, बस. आतडं आपोआप चालू झालं असतं, सगळे म्हणाले असते औषधाला जरा वेळ लागला. हे बोलणार नाहीत याची मला शंभर टक्के खात्री होती. गुरुवारी रात्रपाळीची सिस्टर विचारून गेली होती, घरून काही गोळ्या चालू आहेत का, तेव्हा मी खाली कॅन्टीनमध्ये इडली खात होते आणि हे 'काही नाही' म्हणाले होते. ते मला शुक्रवारी कळलं होतं आणि मी नुसती हसले होते.

आणि मग मला राग आला. आधी सगळ्यांचा आला. पेशंटला कसलं विचारता, त्यांना स्वतःच्या गोळीचा रंग ठाऊक नसतो. मला विचारायचं होतं. मुरडा हवाय हे गुरुवारीच का नाही सांगितलं? आजवर दुनिया माझ्या दारात येऊन विचारते आणि इथे मला एक माणूस विचारत नाही. पुष्कळ चडफडले. पण अकरा वाजायला जेमतेम दीड तास होता. मुलगा तिथे फॉर्मवर सही करत होता, आणि सकाळी सात वीसला दिलेली गोळी ह्यांच्या पोटात होती. ते इंजेक्शन दिलं असतं आणि माझ्या गोळीने त्याचाही मुरडा मारला असता तर पुढची पायरी दुर्बीण, त्याच्या पुढची चाकू. हृदयाला झटका बसायचा तो फुकटच. हे सगळं मी गिळून बसणार आणि बाहेर बाकावर बसून देवाचं नाव घेणार? मी झाकणावरचा पाय काढला.

डॉक्टरीणबाई सिस्टरांच्या टेबलाशी फाइलमध्ये लिहीत होत्या. मी पाकीट त्यांच्या फाइलवर ठेवलं.

"डॉक्टर, इंजेक्शन थांबवा," मी कन्नडमध्ये म्हणाले. "हे आधी बघा. यातल्या पाच मी त्यांना दिल्यात."

त्यांनी पाकीट उलटं करून नाव वाचलं. मुलगा सहीचं पेन हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. शाळेत नापास झाल्यावर मी त्याच्याकडे बघायची ना, तसा.

"कधी कधी दिल्या, अम्मा?"

"गुरुवारी रात्री साडेआठला पहिली. शुक्रवारी सकाळी सात पंचवीस, दुपारी दोन चाळीस, रात्री साडेआठ. आज सकाळी सात वीस. प्रत्येकी वीस मिलिग्रॅम, दोन चमचे पाण्याबरोबर. दर वेळी तुमचं औषध गेल्यावर वीस ते पंचवीस मिनिटांनी मुरडा आला, आणि गोळी दिल्यावर अर्ध्या तासात थांबला. दुसरं काही दिलेलं नाही. उलटी झालेली नाही, गोळी पोटातच राहिलीय."

त्या लिहीत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "स्वल्प हळू, अम्मा." मी पुन्हा सगळं सावकाश सांगितलं. दुसऱ्यांदाही एक मिनिट इकडचं तिकडे झालं नाही. बोलताना माझा आवाज नाही कापला. ते मला आजही बरं वाटतं.

लिहून झाल्यावर त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे मला कळलं नसतं तर मी इंजेक्शन दिलं असतं, आणि ते लागू पडलं नाही असं समजून पुढे गेले असते."

"ठाऊक आहे," मी म्हणाले. "म्हणून तर सांगतेय."

त्या ओरडल्या असत्या तर मी भांडले असते, स्वभावच आहे माझा. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी वरिष्ठांना फोन लावला, आणि मग ठरलं ते असं. अकराचं इंजेक्शन रद्द. मॉनिटर ह्यांच्या पलंगाजवळच आणून ठेवायचा. निळ्या गोळीचा असर दुपारपर्यंत बराच उतरेल. दोन वाजता नेहमीचं औषध द्यायचं, आणि मधे काहीही द्यायचं नाही. संध्याकाळी पुन्हा एक्स-रे. तेव्हाही फुगलेलंच दिसलं तर मग ते दुसरं. "आणि तो बटवा?" त्यांनी हात पुढे केला. मी बटवा काढून दिला. सिस्टरने तो कुलपाच्या कपाटात ठेवला. लग्नात मंगळसूत्र बांधलं तेव्हापासून मी कुठे बटव्याशिवाय गेले नव्हते.

मुलाने फॉर्म परत दिला आणि आंघोळ करून येतो म्हणून तो मारतहळ्ळीला गेला. सुनेने माझा हात धरून मला बाकावर बसवलं आणि म्हणाली, "आई, माझ्याच्याने नसतं झालं हे. सिरियसली. मी ते पाकीट फेकून दिलं असतं."

"मीही देणारच होते," मी म्हणाले.

दोन वाजले. औषध शिरेत गेलं. सिस्टर, सून आणि मी, तिघीही पलंगाभोवती. दोन वीसला मुरडा आला. आधीच्या पाचांपेक्षा जोरात, आणि या वेळी थांबायचं नाव नाही. ह्यांनी कठडा धरला. मॉनिटरवरची रेघ उड्या मारत होती, पण ठोके ठीक होते. आणि ह्यांचा हात माझ्याकडे आला, तळहात वर, नेहमीसारखा.

माझ्याकडे ठेवायला काही नव्हतं. मी माझा हात त्यात ठेवला.

ह्यांनी डोळे उघडले. "गोळी?"

"नाही. हा मुरडा हवाय आपल्याला. तुमचा पंप चालू होतोय."

"मग आधीच्या?"

"आधीच्या मी चुकून दिल्या. त्यांच्यामुळे पंप बंद पडत होता. मी डॉक्टरांना सांगितलंय."

मुरडा आला की हे माझी बोटं पिळायचे, गेला की सैल सोडायचे. माझी अंगठी बोटात रुतली होती. मग मधेच म्हणाले, "मला वाटलं तू डॉक्टरांना विचारलं असशील. तू विचारल्याशिवाय देत नाहीस, म्हणून मी सिस्टरला काही बोललो नाही."

अडतीस वर्षांत मला कुणी एवढं लागेल असं बोललं नव्हतं, आणि ह्यांना तर लावायचंही नव्हतं. मी पदराने डोळे पुसले. सून खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

पाच वाजता ह्यांना चालायला उठवलं. एकीकडे फिजिओथेरपीवाली मुलगी, एकीकडे मी, मागे सलाइनचा स्टँड ढकलत सून. हे किती लाजाळू आहेत हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. घरात शिंक आली तरी हे गॅलरीत जातात. लग्नाच्या पंगतीत ढेकर आली म्हणून उठून गेलेला माणूस. तर हे वॉकर टेकत टेकत सिस्टरांच्या टेबलासमोर पोचले, थांबले, आणि तिथे, सगळ्या वॉर्डासमोर, वारा सरला. हळू नव्हे. लांबलचक, भरघोस, तीन हप्त्यांत. फाइलीत डोकं घातलेल्या डॉक्टरीणबाईंनी मान वर केली.

मग टेबलामागच्या सिस्टरने टाळी वाजवली आणि दुसरीने तिला साथ दिली. सून हसता हसता रडायला लागली आणि तशीच फोन काढून तिने घरच्या ग्रुपवर लिहिलं, 'झालं'. पुण्याहून, बेळगावहून, मारतहळ्ळीहून अंगठे आणि फुलं यायला लागली. हे लालबुंद होऊन वॉकरकडे बघत होते. मी मात्र मान ताठ करून उभी होते. मुलगा बारावीत पहिल्या वर्गात आला तेव्हाही माझी मान एवढी ताठ नव्हती.

"आणखी एक फेरी," हे हळूच म्हणाले.

एक्स-रेत आतडं उतरलेलं दिसलं. ते दुसरं इंजेक्शन द्यावंच लागलं नाही. रविवारी सकाळी शौचाला झालं, आणि टेप सत्त्याण्णववर आली. टेप खुणेवर बरोबर आहे ना, हे ह्यांनी स्वतः वाकून तपासलं. पास, म्हणाले.

घरी सोडायच्या दिवशी सून फाइलीचे फोटो काढून ठेवत होती, पुढच्या तपासणीला लागतील म्हणून. एका पानावर ती थांबली. "आई, हे बघा." शनिवारचं पान होतं. माझ्या पाचही वेळा त्यावर ओळीने लिहिलेल्या होत्या, सात वीसपर्यंत. आणि वर, माहिती कुणी दिली त्या रकान्यात, 'पत्नी', आणि पुढे इंग्रजीत एकच शब्द. सुनेने तो मला मराठीत सांगितला. भरवशाची.

मी तो फोटो माझ्या फोनवर मागवून घेतला. ह्यांना दाखवला. ह्यांनी चष्मा लावून पूर्ण पान वाचलं, पाचही गोळ्या वाचल्या, आणि फोन परत देत म्हणाले, "वेळा बरोबर आहेत." माझ्या बाबतीत ह्यांनी कशाची तपासणी केली असेल तर ती हीच. निघताना सिस्टरने कपाट उघडून बटवा परत दिला. मी तो पर्समध्ये तळाशी ठेवला.

डबा मी टाकून दिला नाही. का टाकू? पण आता दुसऱ्या मजल्यावरची मुलगी आली की मी आधी तिला बसवते आणि विचारते, डॉक्टरने काय दिलंय, सध्या काय काय चालू आहे, कधी घेतलं. ती वैतागते. "अक्का, एक गोळी तर मागतेय," म्हणते. मी म्हणते, एका गोळीचीच गोष्ट आहे, बस, सांगते. आणि सांगते. इमारतीतल्या सगळ्यांना सांगून झालीय. मुलाला वाटतं आईने हे चारचौघांत सांगू नये. मला वाटतं सांगण्यासारखं माझ्याकडे याहून चांगलं काही नाही.

ह्यांना घरी येऊन दोन महिने झाल्यावर एका संध्याकाळी चहाच्या वेळी पोट दुखायला लागलं. दुपारी वांग्याची भाजी जरा जास्तच झाली होती. हे आरामखुर्चीत पेपर वाचत होते. उजवा हात पेपराखालून बाहेर आला, तळहात वर.

मी डबा उघडला नाही. फोन घेतला आणि डॉक्टरीणबाईंच्या वॉर्डला लावला. कुठे दुखतंय, कधीपासून, वारा सरतोय का, शौच कधी झालं, रक्तदाबाची गोळी कोणती, सगळं नीट सांगितलं. तिकडून मला थांबायला सांगितलं, मग पुन्हा दोन प्रश्न विचारले. ओवा आणि कोमट पाणी द्या, दोन तासांत थांबलं नाही तर घेऊन या, आणि ती निळी गोळी नको. सगळं मिळून दहाएक मिनिटं गेली.

मी वळून बघितलं तर हात अजून तसाच पुढे होता, आणि हे पेपराचं पुढचं पान वाचत होते. मी मिसळणाच्या डब्यातून चिमूटभर ओवा काढून त्या तळहातावर ठेवला. ह्यांनी तो न बघता तोंडात टाकला.